पायावर का नाही मारली?

कुणी नेमबाज म्हटलं की मेजर तोंडातली सुपारी थुंकायचे. "नेमबाज जत्रंत फुगं फोडतो, ताई. मी शिपाई हाय," म्हणायचे. खरं तर ते हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्या भवानी पेठेत फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. माझ्या चादरींच्या दुकानाशेजारी एक पतपेढी आहे, तिच्या दारात ते दुनळी बंदूक घेऊन बसत. स्वभाव तिखट. चहात साखर जास्त पडली तर चहावाल्याच्या सात पिढ्या उद्धरायचे.

"मागं काय हाय?" हे त्यांचं पालुपद. पोरं चिंचेवर दगड मारायला लागली की ओरडायचे, चिंच राहू दे, मागं काय हाय ते बघ. दिवाळीत बाण उडवणाऱ्यांनाही तेच. मी एकदा वैतागून विचारलं, तेव्हा म्हणाले की फौजेत हे आधी डोक्यात ठोकतात. नेम चुकला तर गोळी कुठे जाईल हे ज्याला दिसत नाही, त्याने चापाला बोट लावू नये. दुकानातल्या टीव्हीवर नायक धावता धावता गोळ्या झाडू लागला की मेजर पाठ फिरवून बसायचे.

गेल्या वर्षी भर बाजाराच्या वेळी एक चोर पतपेढीतून बॅग हिसकावून, कोयता फिरवत बाहेर पळाला. मेजरांनी बंदूक खांद्याला लावली, नेम धरला आणि खाली घेतली. चोर पसार. कुणीतरी हे मोबाईलवर टिपलं आणि संध्याकाळी वाहिनीची गाडी दारात हजर. माईकवाल्या त्या दीडशहाण्याचा पहिलाच प्रश्न, "पायावर का नाही मारली?"

मेजर एरवी फाडकन बोलणारे, त्या दिवशी सावकाश बोलले. "ह्यातनं छर्रं सुटत्यात, साहेब. मूठभर ज्वारी फेकल्यागत पसरत्यात. पळत्या माणसाचा पाय केवढा, आन् म्होरं बाजार केवढा?"

यातला एक शब्द दाखवला नाही मेल्यांनी. दाखवलं ते चित्र: बंदुकीपासून चोराच्या गुडघ्यापर्यंत सरळ तांबडी रेघ. कोटातला कुणी तज्ज्ञ सांगत होता, खरा सैनिक अंधारात माशीचा डोळा फोडतो. खाली पट्टी, 'माजी सैनिकाचे हात थरथरले'. ज्यांनी जन्मात बेचकी धरली नाही, ते निकाल देत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ठेवीदारांचा विश्वास उडतो, असं म्हणत पतपेढीने त्यांना काढून टाकलं. गावी, केमला जाणारी गाडी पकडायच्या आधी ते दुकानात आले. मी वाहिनीच्या नावाने बोटं मोडत होते, ते ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "माजा हात थरथरला न्हाय, ताई. तेवढं तुमी ध्यानात ठिवा."

विसरेन कशी? बंदुकीच्या रोखात, चोराच्या मागे, रसाच्या गाडीपाशी मीच उभी होते, नातीचं बोट धरून. वार्ताहराला हेच सांगायला मी पुढे झाले होते, तर तो म्हणाला, "काकू, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय." मेजरांच्याही मी अशीच मध्ये आले होते. त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं नाही. बंदूक खाली घेतली.