उरलं तर खाईन

रस्स्याचा गंज माझ्या धाकट्या जावेच्या अंगावर पडला तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर कांदे चिरत बसले होते. शेगडीवरचं ते मोठं पातेलं उचलून ती ओट्याकडे वळली आणि गुडघ्यांतून मोडली. ओरडलीसुद्धा नाही. उकळता रस्सा पोटापासून खाली दोन्ही पायांवर गेला, नेसूचं पातळ कातडीला चिकटलं, आणि लाल तवंग फरशीवरून मोरीकडे वाहत गेला.

बाहेर मेसमध्ये दुपारची गर्दी होती. नेपियर टाउनमधल्या कोचिंगची पोरं एकाच वेळी सुटतात आणि सगळ्यांना एकाच वेळी भूक लागते. स्वयंपाकघरातल्या स्क्रीनवर टूं टूं करत थाळ्यांच्या ऑर्डरी येत होत्या. माझा मुलगा गल्ल्यावरून धावत आला आणि दारातच थांबला. म्हणाला, "पूर्ण गंज गेला का?"

मी म्हटलं, "काकू गेली तुझी. पाहून काय राहिला? उचल तिला."

पोळ्या लाटणारी बाई मला बाजूला ढकलत म्हणाली, "हटो अम्माजी," आणि तिने बादलीभर गार पाणी जावेच्या पायांवर ओतलं. तेव्हा कुठे जाऊ ओरडली.

दवाखान्यात डॉक्टरने भाजलेलं पाहिलं. मग तिचं मनगट हातात घेतलं, डोळ्याची पापणी खाली ओढली.

"ये गिरीं कैसे? ठीक से खाना कब से नहीं खाया इन्होंने?"

सून म्हणाली, "डॉक्टर साहब, हमारा तो खुद का भोजनालय है."

"मैंने वो नहीं पूछा," डॉक्टर म्हणाला.

 संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून सुनेने मोबाइलवर दिवसाचा हिशोब बंद केला. हिशोबाचं मशीन नुकसानीचं कारण विचारल्याशिवाय दिवस बंद करू देत नाही. मी शेजारीच होते. तिने रस्स्यापुढे "सांडले" दाबलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

मेस माझ्या नवऱ्याने काढली होती, खमरियाच्या सरकारी फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर. दीरही तिथेच होता. तो नोकरीत असतानाच गेला. क्वार्टर सोडावं लागलं, पोरबाळ नव्हतं, म्हणून जाऊ आमच्याकडे आली. आली त्याच आठवड्यात शेगडीपाशी उभी राहिली. पगाराचा प्रश्नच नव्हता. घरच्या बाईला कोण पगार देतं?

नवऱ्याचा कारभार अंदाजाचा. बाहेर बसायला जागा नसे आणि महिनाअखेर हातात काही नसे. तेल मागच्या दाराने जाई, तूरडाळ मागच्या दाराने जाई. तो गेल्यावर मुलाने मशीन आणलं. एका थाळीला किती डाळ, किती तेल, किती कणीक, सगळं त्यात भरलं. आलेली भाजी तोलून घ्यायची, विकलेली थाळी मशीन वजा करतं, आणि रात्री किती उरायला पाहिजे ते सांगतं. कमी निघालं तर आकडा लाल होतो. मी चौथीपर्यंत शिकले आहे, आकडे वाचता येतात. मुलाने वाईट केलं असं मी म्हणणार नाही. चोऱ्या बंद झाल्या. उद्या किती पोरं येतील तेही मशीन सांगू लागलं आणि तेवढंच शिजू लागलं. काही महिन्यांत गंज रिकामे व्हायला लागले.

एक दिवस मुलगा मोबाइल नाचवत आला. "आई, पाहा. वेस्टेज झिरो!"

मी म्हटलं, "छान." पोराचं काम चांगलं होतं.

आता रिकाम्या गंजात काय होतं ते सांगते. आमच्याकडे रांधणारी बाई शेवटी जेवते, आणि गंजात जे उरलं ते जेवते. तिच्यासाठी वेगळं कोणी मोजत नाही. मीसुद्धा गुडघे जाईपर्यंत तशीच जेवले. मशीन आल्यावर घरची चूल बंद झाली, कारण गॅसही हिशोबात आला. मेसमधून रोज चार थाळ्या वर घरी येऊ लागल्या. मुलगा, सून, नात आणि मी. पगारी बायांच्या थाळ्याही मशीनमध्ये होत्या. जाऊ पगारी नव्हती, आणि वर जेवायला बसणारी नव्हती. तिची थाळी मशीनमध्ये कोणी भरली नाही. तिनेही म्हटलं नाही. कधी विचारलं, "जेवलीस का वं?" तर म्हणे, "उरलं तर खाईन ना बाई, घाई काय आहे."

पुढचं मला दवाखान्यात पोळीवालीने सांगितलं. मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एका दुपारी काहीच उरलं नाही तेव्हा जावेने डब्यातल्या दोन पोळ्या घेतल्या आणि झुणक्याशी खाल्ल्या. रात्री आकडा लाल झाला. मुलाने सगळ्यांना उभं करून विचारलं. जाऊ खाली मान घालून उभी राहिली. पोळीवाली म्हणाली, "भैया, हमने नहीं लिया." पोळ्यांचा डबा तिच्या ताब्यात, म्हणून पैसे तिच्या पगारातून कापले. मुलगा गेल्यावर पोळीवालीने जावेला धरलं. "काकी, अपने ही घर का खाती हो और पैसे हमारे कटवाती हो? शरम है कि नहीं?"

त्यानंतर जावेने डब्याला हात लावला नाही. सकाळचा चहा आणि टोस्ट वर मिळे, तेवढाच. मग ती भांडी घासायच्या जागी जायला लागली. पोरांच्या ताटात अर्धी पोळी राहायची, भात राहायचा, कोणी वांगं बाजूला काढायचं. ताटातलं मशीनमध्ये येत नाही, ते विकलं गेलेलं असतं. जाऊ ते खायची. भिंतीकडे तोंड करून.

त्यावरही काही दिवस निघाले असते. पण सुनेला कळलं की वाढपे पुन्हा पुन्हा वाढतात, पोरं ताटात टाकतात आणि माल जास्त लागतो. तिने बोर्ड लावला: ताट साफ ठेवा, पुढच्या जेवणावर ताक फुकट. पोरांना फुकटचं ताक म्हणजे काय विचारता! ताटं चाटून येऊ लागली. सून खूश, मुलगा खूश. घासणारी बाईसुद्धा खूश, तिचं अर्धं काम वाचलं.

त्याच दिवसांत मी जावेला म्हटलं होतं, "वाळून राहिली वं. काय झालं?"

"वय झालं ना बाई."

"वय तर मलाही झालं. मी काहून नाही वाळली?"

यावर आम्ही दोघी हसलो होतो. ती जास्त हसली होती.

पोळीवालीचं ऐकून मी तिच्या खाटेपाशी गेले. चादर जखमांना लागू नये म्हणून पायांवर जाळीचा पिंजरा ठेवला होता. मला कीव आली नाही, राग आला. म्हटलं, "उष्टं खाल्लंस? परक्या पोरांचं? तोंड नव्हतं का मागायला?"

ती म्हणाली, "कोणाला मागू? आपल्या बाबूचा आकडा लाल व्हायचा."

"होऊ द्यायचा होता."

"पोळीवालीचे पैसे कापले ना."

 मी घरी आले आणि मुलाला सांगितलं, काकूची थाळी मशीनमध्ये घाल.

तो म्हणाला, "आई, घालू कशात? ती स्टाफ नाही. स्टाफमध्ये टाकली तर पगार दाखवावा लागंल."

"मग दाखव."

"घरच्या माणसाला पगार? लोक काय म्हणतील?"

"घरच्या माणसाला उष्टं, तेव्हा लोक काय म्हणाले?"

सून मधे पडली. "मम्मी, हमको पता थोडी था. काकूंनी बोलायला पाहिजे होतं ना."

"तुझ्या मशीनला तर पता होता," मी म्हटलं. "किती शिजलं, किती विकलं, किती उरलं, सगळं सांगतं ना ते? काहीच उरत नाही तर ती बाई काय खाऊन राहिली, हे तुम्हा दोघांना सुचलं नाही? दुकान माझ्या नावावर आहे. उद्यापासून थाळी दिसली नाही तर शटर खाली."

मुलगा रागाने उठला, पण त्याने थाळी भरली. पगारही भरला, पोळीवालीपेक्षा कमी. पोळीवालीचे कापलेले पैसे त्याने परत दिले नाहीत. तिने महिना पुरा केला आणि दुसरीकडे काम धरलं.

जावेला घरी आणलं त्या दिवशी मी तिच्यापुढे थाळी ठेवली. पोळ्या, वांग्याची भाजी, वरण, भात. ती पाहत राहिली.

"बाई, हे मशीनमध्ये लिहिलं का?"

"लिहिलं."

"खरंच लिहिलं?"

"खा नाही तर उचलून नेते."

तिने पोळी मोडली.  पोळ्या संपवल्या, भात तसाच राहिला. म्हणाली, पोटात जागाच नाही. मी बसूनच राहिले. दोन-अडीच आठवड्यांनी पूर्ण थाळी जायला लागली.

डाव्या पायाची कातडी आवळून आली आहे, टाच टेकत नाही. शेगडीपाशी आता दुसरी बाई आहे. जाऊ माझ्या खोलीत असते. रात्री घोरते. ती जगली.