पेटीवाल्याची हाक

माझा धाकटा भाऊ पत्र्याच्या पेट्या बनवतो. गल्लीत त्याला सगळे पेटीवालाच म्हणतात. सकाळी शटर वर गेलं की हातोडी सुरू, ती संध्याकाळी शटर खाली येईपर्यंत. त्या दणदणाटात कोण काय बोलतंय ते कोणाला कळणार? म्हणून दुकानातला सगळा कारभार हाताने चालतो. खांद्यावर थाप म्हणजे इकडे बघ, तळहात दाखवला म्हणजे थांब. त्यात हा माणूस मुळातच तोंडाला कुलूप लावून जन्मलेला. त्याच्या लग्नाआधी भावजयीच्या आईने मला हळूच विचारलं होतं, "मुलाला बोलता येतं ना?" मी म्हटलं, येतं, पण वापरत नाही.

भावजय कपड्यांच्या दुकानात नोकरीला. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा पोरीला ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. मी शेजारच्या गल्लीतच राहते. म्हटलं, माझ्याकडे ठेवा. पण पेटीवाला ऐकेल तर शपथ. "माझी पोर माझ्या डोळ्यांसमोर राहील," म्हणाला आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात तिची गादी घातली. पत्र्याचे तुकडे तिच्या हाती लागू नयेत म्हणून मध्ये एक मोठी ट्रंक आडवी लावली.

आणि सांभाळलं हो त्याने, उगाच कशाला नावं ठेवू? दुपारी डबा घेऊन जायचे तेव्हा बघायचे, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात दुधाची बाटली. पोरगी पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा काम टाकून धावत माझ्या दारात आला आणि हात उताणा-पालथा करून दाखवला. मला वाटलं, कुठेतरी गाडी उलटली. मग ती बसायला लागली, दात आला, रांगायला लागली आणि बापाच्या चपला चाखायला लागली. सगळं वेळच्या वेळी. मी तिला ठकू म्हणते.

लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "आवाज झाला, हाक मारली, की वळून बघते ना?" भावाने चटकन मान डोलावली. परत येताना मात्र त्याचा चेहरा उतरला. तिने वळून बघितल्याचं त्याला एकदाही आठवेना.

मला यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर हा पठ्ठ्या पोरीच्या पाठीमागे उकिडवा बसून कोऱ्या पत्र्यावर दणादण हातोडी मारतोय आणि तिच्याकडे टक लावून बघतोय. ठकू आपली बाटलीच्या बुचाशी खेळण्यात दंग. पापणीसुद्धा हलत नव्हती तिची. मी त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ताई," तो म्हणाला, "हिला ऐकू येत नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण मी थोरली ना, मला घाबरून कसं चालेल? काहीतरी अभद्र बोलू नकोस, म्हणून मी त्यालाच झापलं. आणि मग तीच हातोडी घेऊन मीही पत्रा वाजवला. ठकूने काही वळून पाहिलं नाही.

ते दिवस फार वाईट गेले. संध्याकाळी भावजय कामावरून आली की ठकूच्या मागे ताट आपटायची. पोरगी ढिम्म. एकदा कोणीतरी दार उघडलं आणि ती वळली, तर आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. भाऊ म्हणाला, "उजेड आला म्हणून वळली." मनात एकदा शंका शिरली की माणूस चांगल्या गोष्टीतही खोट काढतो. भावजय रडून घ्यायची, मी चिडून घ्यायचे. भाऊ रडेना की चिडेना. फक्त त्याच्या पेट्यांची झाकणं बसेनाशी झाली.

कान तपासायची तारीख मिळाली. भावजय दवाखान्यापर्यंत आली, पण मला आत येववणार नाही म्हणाली आणि बाहेर बाकावरच बसली. आम्ही बहीण-भाऊ पोरीला घेऊन आत गेलो. खोली इतकी शांत की मला माझाच श्वास ऐकू येत होता. तपासणाऱ्या बाईंनी ठकूला भावाच्या मांडीवर बसवलं आणि तिच्यापुढे एक लाल कप नाचवला. त्यांची मदतनीस मागे जाऊन उभी राहिली. तिने हातातला कागद नुसता चोळला. पत्रा नाही, ताट नाही, एवढासा कागद.

ठकूची मान गर्रकन फिरली.

"पुन्हा करा," भाऊ म्हणाला. पुन्हा केलं, दुसऱ्या बाजूने. मान त्या बाजूला. "अजून एकदा करा ना." बाई हसल्या. मग त्यांनी ठकूच्या कानात बारीकशी नळी घालून मशीनवरही बघितलं आणि सांगितलं की दोन्ही कान उत्तम आहेत.

"पण घरी तुम्ही तपासलं कसं?"

"हातोडीने," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आमचा धंदा कळल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. ज्या आवाजात ती पोर दिवसभर खाते, खेळते, झोपते, त्या आवाजाला ती कशाला वळेल? ताटाचा खणखणाटही तसलाच, पत्र्यासारखा. वर खरमरीत सुनावलं, "कान शाबूत राहिले हे नशीब समजा. एवढ्या दणक्यात लहान मूल ठेवतात का? उद्यापासून दुकानात आणायचं नाही."

"माझ्याकडे राहील," मी भावाच्या आधीच बोलून टाकलं. या वेळी त्याने लगेच मान डोलावली.

"बरं, तुम्ही तिला हाक काय मारता?" बाईंनी त्याला विचारलं.

तो माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगायचं तर पेटीवाल्याने लेकीला कधी हाक मारलीच नव्हती. गादीच्या कडेला हात आपटायचा, ती बघायची, तो उचलून घ्यायचा.

"मग मारा की आता," बाई म्हणाल्या.

ठकूला माझ्याजवळ देऊन तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. मग परक्या घराच्या दारात उभं राहून विचारावं तसा हळूच म्हणाला, "ठकू."

ती वळली. बापाला बघून दोन्ही हात वर केले. माझा जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या बाईंसमोर लाजसुद्धा वाटली नाही मला.

आम्हाला बाहेर येताना बघून भावजय उठून उभी राहिली. "ऐकते ती," भाऊ म्हणाला. "सगळं ऐकते." ती पुन्हा मटकन खाली बसली आणि पोरीला पोटाशी धरून बराच वेळ उठलीच नाही.

परत येताना ठकू आईच्या कडेवर, आणि हा मागून चालत तिला हाका मारतोय. ठकू. ती वळायची, हसायची. ठकू. ती वळायची. येणारेजाणारे बघायला लागले. मी म्हटलं, "अरे पुरे कर, लोक हसतील." "हसू दे," म्हणाला. जन्मभराचं न बोललेलं त्या एका रस्त्यात बोलून घेत होता.

शेवटी पोरगी कंटाळली. त्याने हाक मारली, ती वळली नाही. पुन्हा मारली. ठकूने आईच्या खांद्यावर गाल टेकला आणि खुशाल दुसरीकडे बघत राहिली. मी चरकले. मी भावाकडे पाहिलं, तर तो हसत होता.

"ऐकलंय तिने," तो म्हणाला. "मुद्दाम बघत नाहीये."