साहेबांची पाल

बालाघाटच्या आमच्या नदी-सर्व्हे ऑफिसात फायलींना वाळवी लागली, किश्शांना नाही. जुने दोघं भेटलो की एक निघतो आणि त्याच्यामागून चार येतात. त्यातले निम्मे त्या एकाच नावेचे!

नाव सेकंडहँड. पासष्टच्या सुमारास समुद्राकडून ट्रकवर आली. मधोमध शीड, सुकाणूवाल्याला बसायला काचेची केबिन. इंजिन नवं, काचा नव्या, भोंगा नवा, पाणी उपसायचा हातपंपही नवा. साहेब हिंदीवाले. म्हणाले, "एकदम नई जैसी है!"

आमचा नावाडी तुकाराम माझ्या कानाशी लागला. "बाबू, नाव चांगली हाये तं पंप काहून देल्ला?"

मला पोहता येत नव्हतं. त्या दिवसापासून मी नावेत पंपाशेजारीच बसायचो.

*

वैनगंगेवर नावा बांबूनं चालायच्या, शीड कोणी पाहिलेलंच नव्हतं. तुकाराम त्याला 'पडदा' म्हणायचा. केबिनवर तर त्याचा रागच. "काचीतून नदी दिसते, पण आयकू येत नाई!" म्हणून खिडकी उघडून, मान बाहेर काढून नाव हाकायचा. नव्या केबिनमध्ये आम्ही सगळे भिजायचो.

*

भोंगा वाजला की मोटार आली समजून घाटावरची माणसं गाठोडी घेऊन धावत यायची. एक म्हातारी तर आत येऊन बसलीच. "कटंगीचं टिकट दे."

"आजी, हे पाण्यातली गाडी हाये!" तुकाराम म्हणाला.

"हौ, मंग सावकाश चालव!"

*

आणि तो श्रावण. माझी बायको सुमन नदीपलीकडे माहेरी, पहिलं बाळंतपण. निरोप आला, दोन दिवस कळा चालू आहेत, सुईण घाबरली आहे, डॉक्टरीणबाईंना घेऊन या. नदी फुगलेली. मी साहेबांकडे धावलो. साहेब उठलेच. "चलो!"

डॉक्टरीणबाईंना नावेत घेऊन निघालो. नदीच्या मधोमध इंजिन बंद पडलं. साहेबांनी स्वतः शीड चढवलं, सुकाणू धरलं, तुकारामला दोराशी उभं केलं. वारा असा घुसला की नाव एका कुशीवर झाली. पाणी आत आलं. मी रडत रडत पंप मारत होतो.

"तुकाराम, पाल गिराओ!" साहेब ओरडले.

तुकाराम केबिनचं छत न्याहाळू लागला.

"अरे, पाल गिराओ! जल्दी!"

तो वाकून फळ्यांखाली बघू लागला. साहेबांच्या हिंदीतली पाल, म्हणजे शीड, तसंच फुगलेलं. वाऱ्यानं नाव फरफटत नेऊन पलीकडच्या चिखलात रुतवली. डॉक्टरीणबाई बॅग घेऊन धावत सुटल्या.

तासाभरानं मुलगी रडली. सुमन सुखरूप होती. मी ओसरीवर येऊन साहेबांना सांगितलं.

साहेबांचा राग मात्र उतरला नव्हता. "मैंने दो बार कहा, पाल गिराओ! क्यों नहीं गिराया?"

तुकारामनं हात जोडले. "साहेब, पाल मी कशी पाडू? ते तं आपल्या मनानंच अंगावर पडते!"