टोपण लावलेलं आकाश

अंधार कधी खोटं बोलत नाही. आमच्या कॉलेजातल्या खगोल मंडळाच्या उद्घाटनाला हे वाक्य मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं होतं आणि त्याला टाळ्याही पडल्या होत्या. पुढे हातात थंड करता येणारा कॅमेरा आला आणि कळलं, की अंधार सर्रास खोटं बोलतो. उन्हाळ्यात तर विशेष.

आमचं तालुक्याचं गाव लातूर जिल्ह्याच्या टोकाला, मुखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. त्या वर्षी गाव दोन गोष्टींची वाट पाहत होतं, टँकरची आणि नव्या जिल्ह्याची. टँकर निदान अधूनमधून यायचा. जिल्हा होण्यासाठी गावात काय काय असावं लागतं याची यादी घेऊन एक समिती हिंडत होती आणि कॉलेजच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतली आमची दुर्बीण त्या यादीत ‘वेधशाळा’ म्हणून चढली होती.

मी भौतिकशास्त्र शिकवायचो, माझा मित्र रसायनशास्त्र. कॅमेरा आम्ही दोघांनी नांदेडहून एसटीत आळीपाळीने मांडीवर घेऊन आणला. देगलूरला जाणाऱ्या एका म्हातारबाबांनी विचारलं, “बाळाला ऊन लागंल, झाका की.” बाबांना शास्त्र ठाऊक नव्हतं, पण मुद्दा बरोबर होता.

कॅमेऱ्यात सिलिकॉनची एक चकती असते. ताऱ्याचा प्रकाश तिच्यावर पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि कॅमेरा ते मोजतो. पण इलेक्ट्रॉन उष्णतेनेही सुटतात, आणि हा प्रकाशाचा की उष्णतेचा हे कॅमेऱ्याला ओळखता येत नाही. म्हणून टोपण लावून, मिट्ट काळोखात पाच मिनिटं चालू ठेवला तरी फोटोत शेकडो पांढरे ठिपके येतात. चकती सहा-सात अंशांनी थंड केली की हा खोटेपणा साधारण निम्मा होतो. त्यासाठी तिच्या पाठीला एक पातळ फरशी लावलेली असते. वीज सोडली की ती पुढची उष्णता मागे ढकलते. मागची उष्णता पंख्याने किंवा नळीतून फिरवलेल्या पाण्याने बाहेर काढायची. उरलेल्या खोटेपणावर उपाय म्हणजे टोपण लावून, तेवढ्याच तापमानाला, तेवढाच वेळ एक काळा फोटो घ्यायचा आणि खऱ्या फोटोतून तो वजा करायचा.

काळे फोटो घेणं मित्राकडे होतं. टोपण लागलं की रात्र काय, दुपार काय. एकदा भर दुपारी, गार करणारी फरशी बंद ठेवून, त्याने मुद्दाम एक काळा फोटो घेतला आणि फाइलला नाव दिलं ‘उन्हाळा’. ठिपक्यांनी गच्च भरलेला तो फोटो आम्ही पोरांना दाखवायचो. कॅमेरा कसा फसवतो, ते हे पाहा.

मला एक तारा मोजायचा होता. वर्षभराच्या फेऱ्यात तो विझत विझत जातो आणि पुन्हा उजळतो. आधीच्या दोन फेऱ्यांचं उतरणं माझ्याकडे होतं, तळ नव्हता, कारण तळाशी तो इतका मंद होतो की ठिपक्यांत हरवतो. या खेपेला तळ मे महिन्यात येत होता. पावसाळ्याआधीचे तीन आठवडे मिळाले असते तर माझं तीन वर्षांचं काम पुरं झालं असतं.

पण मे महिन्यात आमच्याकडे रात्रीची हवासुद्धा तव्यावरून आल्यासारखी असते. पंख्याने भागेना. मग मित्रानेच माशांच्या टाकीतला छोटा पंप आणला, नळ्या जोडल्या आणि खाली बादली ठेवली. एकच बादली, तेच पाणी फिरून फिरून. सकाळी कोमट झालेल्या त्या पाण्याने तो आंघोळ करायचा, आणि ती आंघोळही घमेल्यात बसून, म्हणजे खालचं पाणी त्याच्या बायकोच्या कढीपत्त्याला.

“मालक,” तो म्हणायचा, “तुमच्या ताऱ्यानं तापवलेल्या पाण्यानं अंघोळ करून राहिलो. गावात दुसरं कोन हाय असं?”

तळाला आठ दिवस उरले असताना प्राचार्यांनी मीटिंग बोलावली. कार्यालयातले एक जुने कारकून उभे राहिले. “आमच्या घरातले कूलर कोरडे पडून हायत. अन् गच्चीवर सरांचं मशीन पाणी पिऊन राहिलंय.”

प्राचार्यांनी मित्राकडे पाहिलं. “तुम्ही सोबत असता. लागतं का पाणी?”

मी निर्धास्त होतो. मित्राने घड्याळाचा पट्टा नीट केला.

“लागतं, सर.”

एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. त्याच दुपारी कॅमेरा गच्चीवरून काढून प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेण्यात आला. समिती पाहायला येणार होती आणि तिथे तो सुरक्षितही राहणार होता.

जिन्यात मी त्याला गाठलं. “अरे, त्याच बादलीतल्या पाण्यानं तू अंघोळ करतोस.”

“हाव. पन ते मीटिंगमध्ये सांगायचं असतं का?” तो खाली बघत म्हणाला. “आता समितीचा सचिव हाय मी.”

हे मला माहीत नव्हतं. अख्ख्या गावाला होतं.

तारा त्याच्या वेळेला तळाशी गेला असावा. मी पाहिला नाही. गच्चीवर दुर्बीण होती, तिच्या मागे कॅमेऱ्याच्या जागी प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात समितीचे अध्यक्ष केबिनमध्ये आले. कॅमेरा टेबलावर, टोपणासकट, हार घालून. इथून काढलेला एखादा फोटो त्यांना पाहायचा होता. माझ्या ताऱ्याचे फोटो दिसायला दरिद्री, काळ्यावर एक फिकट ठिपका. मित्राने संगणक उघडला आणि ‘उन्हाळा’ लावला.

“अरे वा,” अध्यक्ष म्हणाले. “केवढे तारे.”

“आपल्या गावचं आकाश, साहेब,” मित्र म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी बोलायला हवं होतं. मी चहाचा कप उचलला.

फोटो मोठा करून, फ्रेम करून सभागृहात लावला, खाली पट्टी चिकटवली, ‘आपल्या भावी जिल्ह्याचे आकाश’. आमच्या त्या चकतीवर एक बिघडलेली उभी रेघ होती, डाव्या बाजूला, वरून अर्ध्यापर्यंत आलेली. सभागृहातल्या फोटोत ती उजव्या बाजूला, खालून वर गेलेली आहे.

गाव अजून तालुकाच आहे. पट्टी सरळ आहे. फोटो उलटा लावलाय.