आधी पाय धुऊन या

यंदा दसऱ्याला सुनेनं माझ्या मोबाईलला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. त्या वासासरशी मी पुन्हा शेजारच्या दादाराव काकांच्या दारात जाऊन उभा राहिलो, दहा वर्षांचा.

परंड्यात आमच्या गल्लीत तेव्हा फोन फक्त काकांकडं. देवघरात, विणलेल्या रुमालाखाली ठेवलेला. रोज त्याला उदबत्ती ओवाळायचे. एका दुपारी त्यांनी हाक मारली, "वहिनी, येरमाळ्याहून तुमच्या लेकीचा फोन हाय!" अक्काचे दिवस भरले होते. आई नुकतीच खुरपून आलेली, ती तशीच धावली. काका उंबऱ्यात आडवे उभे.

"आधी पाय धुऊन या. देवघर हाय ते."

मी तांब्यानं पाणी ओतत होतो आणि आईच्या पायाची काळी माती काही केल्या सुटत नव्हती. आत गेलो, तर फोन कट झालेला. दोन दिवसांनी अक्का गेल्याचाच निरोप आला. तिला काय सांगायचं होतं, हे आई मरेपर्यंत विचारत राहिली.

यंदाच्या दसऱ्याच्या संध्याकाळी तेच काका काठी टेकत सोनं द्यायला आले. त्यांचा मोबाईल बिघडलाय, म्हणून परदेशातली लेक माझ्या फोनवर दिसणार होती. ते दारात पोचले आणि फोन वाजला.

"काका, आधी पाय धुऊन या."

त्यांना काहीच आठवलं नाही. ते नळाकडं वळले. फोन वाजायचा थांबेपर्यंत मी त्याच्यावरचं फूल सरळ करत बसलो.