चारशे फरश्यांची भट्टी

विल्फ थर्केटल एक्केचाळीस वर्षं वाकून चालला. इंग्लंडच्या सफक परगण्यात, बिअरसाठी जवाचा माल्ट करणाऱ्या आमच्या माल्टघराचे मजले बसकेच होते. भिजवलेले जव जमिनीवर पसरायचे आणि मोड येईपर्यंत दिवसातून तीनदा लाकडी फावड्यानं परतायचे, एवढंच तिथलं काम. त्याला उंच छत कशाला हवं? घराच्या दारातूनही विल्फ मान खाली घालूनच आत शिरायचा.

माल्टघराच्या टोकाला विटांची चौकोनी भट्टी होती. तिचं छप्पर वर निमुळतं होत गेलेलं. आत, जाळाच्या वर दोन पुरुष उंचीवर, भाजलेल्या मातीच्या चारशे फरश्या लोखंडी पट्ट्यांवर बसवलेल्या. प्रत्येक फरशीला सुईएवढी शेकडो भोकं. त्यांतून ऊब वर यायची आणि मोडाचे जव वाळायचे.

१९७१च्या मे महिन्यात मालकानं धंदा बंद केला. सगळं पाडून गाड्यांसाठी मोकळी जागा करायची, असं ठरलं. मी तेव्हा गावच्या वाचनालयात कामाला होते. विल्फ आला आणि म्हणाला, "पोरी, तुला कागदावरची भाषा येते. लिही काहीतरी." जुन्या इमारती जपणाऱ्या लंडनच्या सरकारी खात्याला मी अर्ज लिहिला. उत्तर आलं: मूळ फरशी जागेवर असलेली भट्टी या भागात दुसरी राहिलेली नाही, अधिकारी मंगळवारी पाहणी करतील, फरशी तशीच असेल तर इमारतीला संरक्षण मिळू शकेल.

मी विल्फला सांगितलं, "लंडनहून साहेब येतायत, मंगळवारी. भट्टी बघायला."

एवढंच सांगितलं. पत्र वाचून दाखवलं नाही.

हंगाम संपला की फरश्या उचलायच्या, प्रत्येक भोकातली अडकलेली मुळं टोकरून काढायची, धुऊन पुन्हा बसवायच्या, हा तिथला नेम होता. त्या वर्षी हंगाम अर्ध्यातच मोडला आणि भट्टी तशीच राहिली होती. मळकी भट्टी पाहुण्याला दाखवायची म्हणजे विल्फला मेल्याहून मेल्यासारखं.

"माझ्या विणायच्या सुया कुठायत?" त्याच्या बायकोनं, मेव्हिसनं विचारलं.

"भट्टीत."

"लग्नात माझ्यासाठी एवढा नटला नव्हतास रे!"

"तू कुठे लंडनहून आली होतीस?"

मंगळवारी साहेब आला, तेव्हा चारशे फरश्या अंगणात वाळत होत्या. तांबूस, स्वच्छ, दहा-दहाच्या रांगांत. आत नुसत्या लोखंडी पट्ट्या आणि खाली काळा खड्डा.

"फरशी कुणी काढली?" साहेबानं विचारलं.

"मी," विल्फ अभिमानानं म्हणाला. "एक भोक बुजलेलं दाखवा, साहेब."

साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं. "शुक्रवारपर्यंत बसवतील ते," मी म्हणाले.

"जागेवर आज काय आहे, तेच मला लिहिता येतं, बाई."

मालक फाटकापाशी उभा होता. साहेबाची गाडी वळल्यावर त्यानं विल्फच्या पाठीवर थाप मारली. "थर्केटल, मी माणसं लावून जे करवणार होतो, ते तू फुकटात केलंस की!"

तेव्हा कुठे विल्फनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पत्रातलं ते वाक्य सांगितलं. तो अंगणात गेला, पहिली फरशी उचलली आणि भट्टीकडे चालू लागला.

शुक्रवारी दुपारी चारशेवी फरशी बसली. फरशी जागेवर आहे, पुन्हा पाहणी करा, असं मी दुसरं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर यायला महिना लागला. ते घेऊन मी भट्टीत गेले, तेव्हा विल्फ फरशीवरून हात फिरवत बसला होता.

"या वेळी सगळं वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. पाहणीच्या वेळी भट्टीला फरशी नव्हती. सबब इमारत संरक्षणास पात्र नाही. फेरपाहणी दोन वर्षांनी.

"नव्हती," विल्फ म्हणाला आणि त्या फरशीवर तळहात टेकून सावकाश उठला.

पाडणारी माणसं सोमवारी आली.