दावं देत नाहीत

गाडी बघायला लोणी काळभोरला गेलो, तेव्हा तिच्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. टपावर कांद्याची पोती, डिकीत युरिया. खताने खालचा पत्रा इतका खाल्ला होता की आत वाकून पाहिलं तर जमीन दिसायची. तरीही मी तिला लगेच ओळखलं. दोन दारं, लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंग डावीकडे. कॉलेजात असताना मासिकातून फाडलेला हिचाच फोटो माझ्या खोलीच्या भिंतीवर होता. ही अमेरिकन गाडी आपल्याकडे मुळात दुर्मीळ, आणि त्यातली एक इथे कोंबड्यांची बाळंतपणं काढत होती.

गाडी त्या घरातल्या आबांची. पंच्याऐंशीच्या पुढचे, पण ताठ. उसाचा पैसा हातात खुळखुळत होता तेव्हा मुंबईहून मायदेशी निघालेल्या एका परदेशी इंजिनिअरकडून त्यांनी ती हौसेने घेतली होती. आता विकत होता त्यांचा मुलगा, कारण त्याला शेडची जागा हवी होती. मी आबांच्या देखत एकेक दोष काढत गेलो. भंगारवालासुद्धा हिला हात लावण्याआधी विचार करेल, म्हणालो. ज्यांनी हिची ही दशा केली त्यांच्या हाती बैलगाडीही देऊ नये, हेही म्हणालो. मुलगा हसला. आबा बाजेवर बसून माझ्याकडे बघत राहिले. भाव मात्र मला हवा तिथे उतरला.

मला एकच करायचं होतं. गाडी नवीसारखी करून, स्वतः चालवत, सोलापूर रस्त्याने पुन्हा याच दारात आणायची आणि हॉर्न वाजवायचा. गाडी कशी ठेवतात ते त्या म्हाताऱ्याला दाखवायचं होतं.

न्यायच्या दिवशी गाडी क्रेनला बांधली आणि आबा पाना घेऊन आले. कोणाला काही न बोलता आत बसले, स्टिअरिंगचा नट सोडवला, दोन ठोसे दिले आणि ते लाकडी कडीचं गोल चाक उपसून छातीशी धरलं.

"अहो, हे काय?" मी ओरडलो.

"जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. गोठ्याची लक्षुमी जाती."

बैल विकताना त्याला बांधायची दोरी घरात ठेवतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण गाडीला दावं? मी चिडून विचारलं, "मग मला हे मिळणार कधी?"

"म्या गेल्याव."

मुलगा माझ्या कानाशी लागला, पण आवाज काही त्याने खाली आणला नाही. "साहेब, आता कितीक दिस ऱ्हायलेत? तवर तुमचं काम तर हुंद्या." आबांनी ते ऐकलं. ऐकू येऊ नये इतकं त्यांचं वय झालेलं नव्हतं.

वारज्यातल्या माझ्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी उभी राहिली. पत्रा कापून नवा घातला, इंजिन उतरवून पुन्हा बांधलं, सुटे भाग परदेशातून मागवले. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, मी गंजाला लागलो. रंग चढला तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मिस्त्री दुसरं स्टिअरिंग बसवू म्हणाला. त्याने जीपचं एक आणून लावलंही, गाडी मागेपुढे करण्यापुरतं. मी त्याला सांगितलं, हे चाक उसनं आहे, हे लावून मी रस्त्यावर जाणार नाही. हट्टाला औषध नसतं. मला तेच चाक हवं होतं.

मग सणासुदीला मी फोन करायला लागलो. दसरा, दिवाळी, संक्रांत.

"आबा, तब्येत काय म्हणते?"

"अजून हाय." आणि फोन बंद.

बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "सरळच विचारा ना, कधी निघताय म्हणून. त्यांचाही वेळ वाचेल."

एका थंडीत मुलाचा फोन आला, आबांच्या छातीत कफ झालाय, डॉक्टर काही खरं नाही म्हणतात. मी निघालो. निघताना कापडी पिशवी घडी करून बरोबर घेतली. दवाखान्यात आबा नळ्या लावून पडले होते. त्यांनी डोळे उघडले, आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"पिशवी लई मोठी आणलीय की," ते म्हणाले.

गडबडीत पिशवी तिथेच खुर्चीवर विसरलो. आठवड्यात आबा उठून घरी गेले. मला राग आला, अगदी खरा राग आला, एखाद्याने दिलेला शब्द मोडावा तसा.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका सकाळी दाढी करताना माझ्या उजव्या हातातून रेझर गळून पडला. उचलायला गेलो तर हातच येईना. आरशात तोंड एका बाजूला उतरलेलं दिसलं. बायकोला हाक मारली, पण तोंडातून निघाला तो नुसता लाळेचा आवाज. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि सोडताना स्पष्ट सांगितलं, "पुन्हा गाडी चालवायची नाही. कधीच नाही."

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत आबा आले. मुलाने गाडीतून आणलं होतं, पण जिना स्वतः चढले. त्यांच्या हातात माझीच पिशवी होती. त्यांनी तिच्यातून चाक काढलं. लाकूड तेल लावून पुसलेलं होतं, कुठे एक चरा नव्हता. त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"दा... दावं?" मी कसंबसं म्हणालो.

"दावं चालत्या जनावराचं ठिवत्यात," आबा म्हणाले. "तुमची गाडी आता जाग्यावनं हालत न्हाई. मग म्या ठिवून काय करू?"

त्यांनी माझा उजवा हात उचलून चाकावर ठेवला. तो घसरून खाली पडला. त्यांनी पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. मला रडू आलं, आणि पुसायलाही मला डावा हात वर न्यावा लागला. बायको चहा टाकायला आत गेली.

आबांनी चहा सावकाश, बशीत ओतून घेतला. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी अगदी मायेने विचारलं, "तब्येत काय म्हणती?"

मला उत्तर माहीत होतं. तोंड वाकडं करून मी दोन शब्द जुळवायला लागलो आणि आबा दारात उभे राहून, घाई न करता, ते ऐकायला थांबले.